वेळेवर न आलेला देव

माझ्या लहानपणी कड्याला सप्ताह बसला की एक रात्र दामाजीपंतांच्या आख्यानाची ठरलेली असे. बुवा नगरकडून येत. देवळापुढच्या पटांगणात गॅसबत्ती फुसफुसत असे, बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या अंगाला, आणि आम्ही पोरे अगदी पुढे, मृदंगवाल्याच्या मांडीला मांडी लावून. पूर्वरंग आमच्या डोक्यावरून जाई. त्या वेळात निम्मी पोरे पेंगत. उत्तररंगाला बुवांनी कमरेचा शेला आवळला की मग एकमेकांना कोपरखळ्या मारून उठवायचे, कारण आता मंगळवेढ्याचा दुष्काळ यायचा होता.

गोष्ट सर्वांना पाठ. बेदरच्या बादशहाचे ठाणेदार दामाजीपंत दुष्काळात सरकारी कोठारे उघडतात, लोक जगतात, आणि पंतांना पकडून नेण्याचा हुकूम सुटतो. इकडे पंत वाटेवर आहेत, तिकडे दरबारात काळी घोंगडी पांघरलेला विठू महार येतो, जोहार घालतो, धान्याची किंमत मोजून देतो आणि पावती घेऊन निघून जातो. विठू महाराच्या प्रवेशाला सगळे पटांगण सावरून बसे. बुवा आवाज बदलत, वाकून जोहार घालत. त्या क्षणी माझे वडील उपरण्याने डोळे पुसत. देव आला म्हणून सगळेच रडतात, तसे तेही रडत असतील, असे मी समजत होतो. त्यांच्या रडण्याला निराळे कारण होते, ते मला फार उशिरा कळले. ते मी शेवटी सांगेन.

आज पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर जुनी संतचरित्रे आणि गाथा पुन्हा वाचीत बसलो असताना एक शंका मनात घर करून राहिली आहे. छळात सापडलेला भक्त देवाला सोडीत नाही, ही आपल्या मराठी वाङ्मयातली फार मोठी गोष्ट. पण ती आपण दोन तऱ्हांनी सांगितली आहे. एक चरित्रकारांची आणि हरदासांची तऱ्हा, तीत देव वेळेवर येतो. दुसरी खुद्द त्या भक्तांच्या अभंगांची. तीत तो येईलच असा भरवसा नाही. आपण पहिली तऱ्हा इतक्या आवडीने ऐकली की दुसरीकडे आपले लक्षच गेले नाही, आणि त्यापायी त्या माणसांच्या धैर्याची आपण किंमत कमी केली, असे मला वाटू लागले आहे.

आमच्या बीड जिल्ह्याला लांब जायला नको. आंबेजोगाईला दासोपंतांची समाधी आहे. त्यांचा काळ 1551 ते 1615. नारायणपेठच्या देशपांड्यांचा हा मुलगा. वडिलांकडून सरकारचा वसूल वेळेत पोचला नाही, तेव्हा बेदरच्या दरबाराने पोराला ओलीस ठेवून घेतले; महिन्याच्या आत पैसा आला नाही तर मुलाला धर्म सोडावा लागेल, अशी अट घातली. मुदतीच्या शेवटी दत्ताजी पाडेवार नावाचा एक माणूस आला आणि सगळी रक्कम भरून गेला. पाडेवार म्हणजे गावचा महार. तो दत्तात्रेय होता, अशी परंपरा.

ही कथा मी अनेकदा ऐकली. दर वेळी त्या मुलाला करायला काही उरत नाही, हे मला खटकत आले. तो वाट पाहतो आणि सुटतो. दासोपंतांचे खरे धैर्य त्यानंतर सुरू होते. आपल्यासाठी पैसा भरून गेलेला तो कोण, हे शोधण्यासाठी ते घरदार सोडून निघतात. माहूरला बारा वर्षे राहतात, गोदाकाठी राक्षसभुवनला येतात, शेवटी आंबेजोगाईला स्थिरावतात आणि लिहीत सुटतात. सव्वा लाख ओव्यांचा म्हणून सांगितला जाणारा ‘गीतार्णव’ त्यांचाच. कागद पुरेना म्हणून की काय, चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर त्यांनी ‘पंचीकरण’ लिहून काढले. ती पासोडी आजही कुतूहलाने पाहिली जाते. महिनाभर ओलीस राहिलेल्या मुलापेक्षा जन्मभर त्या एका अनोळखी माणसाचे देणे फेडीत बसलेला हा म्हातारा मला कितीतरी शूर वाटतो. पण आख्यान रंगते ते पाडेवारावर, पासोडीवर कुणी आख्यान लावीत नाही.

या साऱ्या कथांना आज आपण ओळखतो ते घाट देणारा मोठा कारागीर म्हणजे महीपती. ताहराबादचे हे महीपतीबुवा (1715–1790) आम्हाला परके नव्हेत. कड्याहून नगर आणि नगराहून राहुरी, की आलेच ताहराबाद. त्यांचा ‘भक्तविजय’ 1762 सालचा, सत्तावन्न अध्यायांचा. मराठी घरांतल्या बायकांनी हा ग्रंथ जितका वाचला तितका क्वचितच दुसरा वाचला असेल. माझ्या आजीच्या प्रतीची पाने हळदीच्या बोटांनी पिवळी झाली होती. गोष्ट सांगावी महीपतींनी! भाषा सोपी, ओवी धावती, प्रसंग डोळ्यांपुढे उभा करण्याचे कसब तर असे की शंका घेणाऱ्यालाही मान हलवावी लागते. माझी तक्रार त्यांच्या कसबाबद्दल नाही. त्यांना भक्ताची दया येते, आणि त्या दयेपोटी ते त्याला फार वेळ संकटात ठेवू शकत नाहीत, एवढेच माझे म्हणणे आहे.

गंमत अशी की त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात तसे घडले नाही. परंपरा सांगते की ते गावचे कुलकर्णी. एकदा पूजेत असताना जहागीरदाराचा शिपाई बोलवायला आला. पूजा पुरी करून ते गेले, सरकारचे काम उरकले, आणि घरी येऊन लेखणी देवापुढे ठेवली. ती पुन्हा सरकारी कामाला म्हणून उचलली नाही. इथे देव कुणाचे रूप घेऊन आला नाही. कुणी त्यांच्या वतीने कचेरीत जाऊन बसले नाही. घरात खाणारी तोंडे होती आणि एका माणसाने हातची वृत्ती सोडली. दुसऱ्याच्या बाबतीत हाच प्रसंग त्यांनी सांगितला असता तर विठोबा कुलकर्ण्याच्या वेषात दप्तर लिहायला बसला असता, याबद्दल मला शंका नाही.

आता मंगळवेढ्याला परत जाऊ. दामाजीपंतांच्या आधी शंभर-सव्वाशे वर्षे याच गावात चोखोबा राहत होते. गावात काम, गावाबाहेर घर. पंढरपुरात तर देवळाच्या पायरीच्या आत पाऊल नाही. त्यांच्याविषयीच्या कथाही महीपतींनी मोठ्या प्रेमाने सांगितल्या आहेत. देवाने स्वतः त्यांना हाताला धरून गाभाऱ्यात नेले. चोखोबांच्या गालावर बसलेल्या थपडेने देवाचा गाल सुजला. देवाच्या गळ्यातला हार चोरल्याच्या आळावर त्यांना बैलांच्या पायी बांधण्यात आले, तेव्हा देवाने जू धरून ठेवले आणि बैल जागचे हलेनात. ऐकताना अंगावर काटा येतो, हे मी नाकारीत नाही.

पण गाथा उघडावी. चोखोबांचा एक अभंग कीर्तनांतून, भजनांतून, आणि आता रेडिओ-ध्वनिमुद्रिकांतूनही घरोघर पोचलेला आहे. बडवे मारीत आहेत, देवाच्या गळ्यातला हार तुझ्या गळ्यात कसा म्हणून विचारीत आहेत, देव बाटवला म्हणून शिव्या देत आहेत, आणि चोखोबा विठोबाला म्हणतात, धावून ये, पाय ओढीत येऊ नकोस. हा अभंग आपण चालीत म्हणतो, टाळ्या वाजवतो. त्याच्या शेवटाकडे मात्र नीट पाहिलेले नसते. शेवटी देव येत नाही. बैल थांबत नाहीत. चोखोबा हात जोडून एवढेच म्हणतात की मी तुला उलटून बोललो आहे, त्याचा राग मानू नकोस.

या शेवटापाशी मी कितीतरी दिवस थांबलो आहे. मार खाणारा माणूस, ज्याच्यासाठी मार खातो आहे त्याचीच माफी मागतो! हे वाचून आजच्या तरुण वाचकाला चीड येते. येऊ नये असे मी म्हणणार नाही. पण माफी कशाची आहे, ते पाहा. उलटून बोलल्याची. म्हणजे बोलणे घडलेले आहे आणि ते परत घेतलेले नाही. देवाला जाब विचारायचा, विचारला हे कबूल करायचे, आणि नाते तोडायचे नाही. देव धावत येऊन जू धरतो असे दाखवले की या बोलण्याची गरजच उरत नाही. कथेने चोखोबांना वाचवले खरे, पण त्यांचे वाक्य तिने गिळले.

त्यांच्या घरातली बाकीची माणसेही बोलणारीच होती. सोयराबाई स्वतःला चोख्याची महारी म्हणवते आणि विटाळाचा प्रश्न थेट देहापाशी नेऊन भिडवते: विटाळावाचून जन्मलेला देह एक तरी आहे काय? घरातल्या एका बाईने, कुठल्याही शास्त्र्याची परवानगी न घेता, सोवळ्याच्या अख्ख्या व्यवहाराचा पाया खणून काढला आहे. मुलगा कर्ममेळा तर बापाच्याही पुढे गेला. उष्ट्या अन्नावर गेलेल्या जन्माचा हिशेब तो देवाकडे मागतो, आणि बापासारखी माफी मागत नाही. त्याच्या वाट्याला चमत्कार आलेले नाहीत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आळ आलेल्या बापासाठी जू धरणारा देव भांडणाऱ्या मुलासाठी कथेत कुठे आलेला मी वाचला नाही. कथाकारांना असा भक्त सोसत नसावा.

इथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो हलका नाही. याच चोखोबांच्या नावावर असे अभंग आहेत की ज्यांत आपला जन्म मागच्या जन्मीच्या दोषाचे फळ म्हणून मान्य केलेला आहे. मग ही निष्ठा धैर्याची म्हणायची की लाचारीची? 1956 साली नागपूरला डॉ. आंबेडकरांनी ज्या धर्माचा त्याग केला, त्या धर्माच्या दाराशी हा माणूस जन्मभर उभा राहिला, त्याचे कौतुक आज कुणी का करावे? मला याचे सोपे उत्तर देता येत नाही. एवढे मात्र दिसते की खुद्द डॉ. आंबेडकरांनी 1948 साली अस्पृश्यांच्या उगमावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा तो ज्या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला त्यांत नंदनार आणि रविदास यांच्याबरोबर चोखामेळा होते. मागच्या जन्माचा दोष मानणारे अभंग आणि देवाला खडसावणारे अभंग एकाच गाथेत आहेत. भाविक टीकाकार दुसरे झाकतात, चिडलेले टीकाकार पहिले पुढे करतात. वाचणाऱ्याने दोन्ही वाचावेत. एकाच माणसाच्या तोंडी रात्री एक आणि पहाटे दुसरे येऊ शकते. छळ सोसणाऱ्या माणसाला रोज एकाच सुरात बोलण्याची सवड कुठली?

चोखोबांच्या मृत्यूची हकीकत मात्र कथेच्या नेहमीच्या वळणावर जात नाही. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू होते, वेठीवर महार लावले होते, 1338 साली कूस कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. कुणी भिंत धरून ठेवली नाही. मागून नामदेव आले, ढिगाऱ्यातून ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती त्यांनी गोळा केली आणि पंढरपूरला महाद्वारासमोर पुरली. नामाचा ध्वनी आहे तो श्रद्धेचा भाग. पण या कथेत देवाच्या येण्याला उशीर झाला आहे, आणि त्याच्या ऐवजी एक मित्र आला आहे, दगडमाती उपसायला. सगळ्या संतकथांत मला ही सर्वांत खरी वाटते. समाधी दाराबाहेर आहे. ते दार चोखोबांच्या जातभाईंसाठी उघडावे म्हणून 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. म्हणजे मधे सहाशे वर्षे गेली.

त्याच मंगळवेढ्याची कान्होपात्रा. बेदरच्या बादशहाचे बोलावणे आले, तिने विठोबाच्या दर्शनाची सवलत मागितली आणि त्याच्या पायांवर प्राण सोडला. तिलाही कुणी पैसे भरून सोडवले नाही.

तेव्हा हिशेब असा दिसतो, आणि तो मांडताना मला संकोच होतो. देव महार होऊन येतो तो दामाजीपंतांसाठी येतो, दासोपंतांसाठी येतो. दोघेही देशस्थ, दोघांचा संबंध सरकारी वसुलाशी. आणि खरा महार जेव्हा हाक मारतो तेव्हा त्याच्या स्वतःच्या शब्दांत तरी देव आलेला नाही. या कथा रचणाऱ्यांनी देवाला महाराचे रूप दिले, हे त्यांच्या मनाचे मोठेपण होतेच. गावाचा पैसा, गावाचा निरोप, गावाची अब्रू महाराच्या हाती सुरक्षित असते, हे सर्वांना ठाऊक असल्यावाचून असे रूप सुचतच नाही. पण माणसाचा इमान देवाच्या खात्यावर जमा झाला, ही गोष्टही तेवढीच खरी.

आमच्या तालुक्याच्या एका कवीचे नाव घेतल्यावाचून हे लिहिणे पुरे होणार नाही. आष्टी तालुक्यातले वाहिरे हे शेख महंमदांचे मूळ गाव. गुरू चांद बोधले. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे यांनी त्यांना श्रीगोंद्याला नेऊन मान दिला, आणि तिथेच त्यांची समाधी आहे. ‘योगसंग्राम’ हा त्यांचा अठरा प्रसंगांचा ग्रंथ 1645 सालचा. वा. सी. बेंद्रे यांनी तो 1959 साली संपादून प्रसिद्ध केला आणि दोन वर्षांनी त्यांची इतर कविताही आणली, म्हणून माझ्यासारख्याच्या हाती ती लागली. नंतर 1967 साली रा. चिं. ढेरे यांनी मुसलमान मराठी संतकवींवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. ही दोन माणसे नसती तर वाहिऱ्याहून दोन पावलांवर राहून मी या कवीला केवळ उरसापुरता ओळखत राहिलो असतो.

महीपतींनी शेख महंमदांचीही गोष्ट सांगितली आहे: देहूला तुकोबांच्या कीर्तनात मंडपाला आग लागली, ती शेख महंमदांनी इकडे बसल्या जागी हात चोळून विझवली. गोष्ट गोड आहे. पण ग्रंथात भेटणारा माणूस आग विझवणारा वाटत नाही, आगीत उभा असलेला वाटतो. तो स्वतःला ‘अविंध’ म्हणतो. कान न टोचलेला, म्हणजे मुसलमान. लोकांनी हिणवण्यासाठी वापरायचा तो शब्द त्याने आपल्या नावाला आपण होऊन जोडला, आणि त्याच्याच शेजारी, माझ्या हृदयात गोविंद आहे असे सांगितले. दोन्हीकडच्या ढोंगावर तो तुटून पडतो. पशुबळी घेणारी दैवते, शिष्य लुबाडणारे गुरू, कुणालाही सोडीत नाही. दोन्हीकडून बोल खावे लागत असणार, हे त्या त्वेषावरूनच कळते. धर्मांतर करून तो सुटू शकला असता, इकडे किंवा तिकडे. मधल्या उघड्या जागेत तो उभा राहिला. ग्रंथाला नाव संग्रामाचे दिले, पण लढाई सगळी आतली. काव्य म्हणून ‘योगसंग्राम’ सर्वत्र सारखा उतरला आहे असे मी म्हणणार नाही. परिभाषेची रानेच्या राने त्यात आहेत, आणि मी ती एकदा नव्हे दोनदा अर्ध्यावर सोडली आहेत. तरी तो जिथे आपल्याविषयी बोलतो तिथे मान वर करून ऐकावे लागते.

आता वडिलांची गोष्ट.

कडा तेव्हा निजामाच्या राज्यात होते, आणि नगर जिल्ह्याची हद्द इथून जवळ. 1948 च्या पावसाळ्यात रझाकारांच्या वार्ता रोज येऊ लागल्या तेव्हा आमच्या घराने इतर पुष्कळांसारखी हद्द ओलांडली. वडील विशीत होते. घर, गुरे, देवळातली पूजा, सगळे मागे राहिले. सप्टेंबरात हिंदी फौजा आल्या, 17 तारखेला निजाम शरण गेला आणि काही दिवसांनी माणसे परतली. देऊळ तसेच होते. बाहेरच्या पायरीवर तेलाचा ओघळ होता आणि पणत्यांचा ढीग. मागे राहिलेल्या एका महाराने सारा वेळ रोज संध्याकाळी तिथे दिवा लावला होता. आत जाण्याची त्याला मुभा नव्हती, म्हणून पायरीवर. भरल्या घरांची गावात वाण असताना, ज्यांनी त्याला कधी आत घेतले नाही त्यांच्या देवापुढे. रात्रीच्या वेळी उजेड दिसणे हाच तेव्हा धोका होता.

वडिलांनी ही हकीकत घरात शंभरदा सांगितली असेल. दर वेळी शेवट एकच: “तो माणूस नव्हे रे, देवच आला होता त्याच्या रूपाने.” आणि मग डोळ्यांना उपरणे. विठू महाराच्या प्रवेशाला ते रडत ते यासाठी. त्यांच्या भावनेत कणभर खोट नव्हती. मी त्यांना एकदा विचारले होते, त्याला नंतर आत घेतलेत का? ते म्हणाले, “तेव्हा तशी रीत नव्हती.” आणि बराच वेळ बोलले नाहीत.

तो दिवा का लावीत असे, भीती वाटली का, तेल कुठून आणले, देवावर रागावला होता का, हे कुणी त्याला विचारल्याचे मला माहीत नाही. त्याने चोखोबांसारखे काही म्हटले असेल तर ते ऐकायला कोणी नव्हते.

वडील गेल्यावर, गाथा वाचताना ही गोष्ट पुन्हा पुन्हा आठवू लागली, तेव्हा मी गावातल्या चार म्हाताऱ्यांना गाठले आणि त्या माणसाचे नाव विचारले. तिघांनी तीन निरनिराळी नावे सांगितली. चौथे आजोबा बाजेवर पडून होते. त्यांनी माझ्याकडे लहान मुलाकडे पाहावे तसे पाहिले आणि म्हणाले, “नाव कसले विचारतोस? देव होता तो.”